मूल समजून घ्यायला काय वाचावं, कसं वाचावं

पालकत्वावरचं पुस्तक घ्यायच्या आधी एक चिठ्ठी घ्या आणि तिच्यावर तुमचा प्रश्न लिहा. 'मुलांना वळण कसं लावावं' असला ढोबळ नको. 'अडीच वर्षांची पोर ताट ढकलून देते', 'पहिलीतला मुलगा शाळेत तोंड उघडत नाही आणि घरी आला की थांबत नाही', 'धाकटी झाल्यापासून थोरला पुन्हा अंथरूण ओलं करतो' असा, तुमच्याच घरातला. ही चिठ्ठी हातात धरून दुकानात गेलात की निम्मी पुस्तकं आपोआप गळतात, कारण त्यांत कुणाच्याच घरातला प्रश्न नसतो.

मी सोलापूरच्या पूर्व भागात बालवाडी चालवते. घरी तेलुगू, शाळा मराठी आणि आई विडी कामगार, असं माझं बालपण. आज माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या आयाही बऱ्याच जणी विड्या वळतात, वडील यंत्रमागावर किंवा टॉवेलच्या कारखान्यात असतात. या लोकांना वाचनाचं काय पडलंय, असं बाहेरचे धरून चालतात. मला मात्र वाचू इच्छिणाऱ्या आया रोज भेटतात. अडतं ते दुसरीकडे. हातात पडणारं पुस्तक भलत्याच घरासाठी लिहिलेलं असतं. त्यात बाळाला स्वतंत्र खोली असते, आईला दुपार मोकळी असते आणि घरात एकच भाषा असते. म्हणून कोणत्या क्रमाने वाचावं आणि वाचलेलं आपल्या मुलाशी कसं ताडून पाहावं, ते सांगते. माझी कसोटी एकच आहे. वाचून झाल्यावर तुम्ही आपल्या मुलाकडे जास्त बारकाईने बघू लागलात, तर पुस्तक कामाचं. वाचून नुसती धास्ती बसली, तर ते परत करा.

सुरुवात कार्डापासून

पहिलं वाचन फुकट आहे आणि बहुतेक घरांत आधीच पडलेलं आहे: माता व बाल संरक्षण कार्ड. लस टोचायला जाताना ते पिशवीत टाकतो आणि परत आल्यावर कपाटात ठेवून देतो. ते एकदा पहिल्या पानापासून वाचून काढा. त्यात वाढीचा आलेख आहे, कोणत्या महिन्यात बाळ साधारण काय करतं ते आहे, त्याच्याशी काय खेळावं, काय बोलावं हेही आहे. चित्रं असल्यामुळे अक्षरओळख नसलेल्या आजीलाही दाखवता येतं. समजलं नाही तर अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना विचारा, त्यांना हे कार्ड समजावण्याचं प्रशिक्षण असतं.

वाढीचे जे आलेख आज जगभर वापरतात, ते जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये प्रसिद्ध केले. त्यासाठी सहा देशांतल्या मुलांची मापं घेतली होती आणि त्यांत आपल्या दिल्लीतली मुलंही होती. त्याच अभ्यासात मूल बसतं कधी, उभं राहतं कधी, चालतं कधी हेही नोंदवलं. निरोगी मुलं स्वतःची स्वतः चालायला लागली ती सुमारे 8 महिन्यांपासून थेट साडेसतरा महिन्यांपर्यंत. आधाराशिवाय बसण्याची मुदत साधारण 4 ते 9 महिने. आणि शंभरात चारएक मुलं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, ती रांगणं सोडून पुढे गेली. 'शेजारचं दहाव्या महिन्यात चालतंय, आपलं अजून धरून धरून उभं राहतंय' हे वाक्य आमच्या गल्लीत किती आयांची झोप उडवतं, ते मी पाहते. त्यांना मी हे आकडे तोंडपाठ करायला लावते. कोणत्याही पुस्तकात 'अमुक महिन्यात हे यायलाच हवं' असा एकच आकडा दिसला, तर तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढा. नीट पुस्तक 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असं लिहितं, आणि त्या मुदतीच्या पलीकडे गेलं तर डॉक्टरांना दाखवा, असंही सांगतं.

पुस्तक पारखायचं कसं

मुखपृष्ठ नंतर बघा. आधी आवृत्तीचं साल बघा. आरोग्याचा सल्ला देणाऱ्या पुस्तकात सालाला फार किंमत आहे. अमेरिकेतले डॉ. बेंजामिन स्पॉक यांचं 1946 चं बालसंगोपनाचं पुस्तक जगात घराघरांत पोहोचलं. आईबापांनी स्वतःवर विश्वास ठेवावा, हे त्यांचं सांगणं आजही पटतं. पण 1950 च्या दशकातल्या आवृत्तीपासून त्यात बाळाला पालथं झोपवण्याचा सल्ला होता. पुढे लक्षात आलं की पालथं झोपवल्याने झोपेत अचानक मृत्यूचा धोका वाढतो. 1994 पासून अमेरिकेत बाळाला उताणं झोपवण्याची मोठी मोहीम निघाली. इतक्या नावाजलेल्या पुस्तकातही अशी गोष्ट राहू शकते, म्हणून साल बघायचं.

आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांत चौथ्या महिन्यापासून वरचं खाणं सुरू करायला सांगितलेलं सापडेल. आता सहा महिने फक्त आईचं दूध, हा सल्ला 2001 पासून पक्का आहे. बाळगुटीत मध चाटवायचा, हेही जुन्या पानांत असतं. एक वर्षाच्या आत मध अजिबात द्यायचा नाही. मधातल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. मोबाईलबद्दल तर जुन्या पुस्तकांत काहीच मिळणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांच्या आत पडदा नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एका तासाहून जास्त नको, कमी तितकं चांगलं. ही ओळ मी बालवाडीच्या दारावर लावली आहे.

साल बघून झालं की 'संशोधनाने सिद्ध झालंय' हे शब्द शोधा आणि विचारा: कुणावर केलं, किती जणांवर? गर्भातल्या किंवा पाळण्यातल्या बाळाला मोझार्टचं संगीत ऐकवलं की बुद्धी वाढते, असं छापलेलं तुम्ही नक्की वाचलं असेल. तो मूळ प्रयोग 1993 चा. तो झाला कॉलेजातल्या विद्यार्थ्यांवर, बाळांवर नव्हे. संगीत ऐकल्यावर आकृत्यांच्या एका प्रकारच्या कोड्यांत त्यांना थोडे जास्त गुण मिळाले आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. तरी 1998 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी नवजात बाळांना संगीताच्या ध्वनिमुद्रिका वाटायला सरकारी पैसा मागितला होता. सोलापुरात कुणी आई पोटातल्या बाळासाठी महागडा संच घ्यायला निघाली की मी तिला ही हकीकत सांगते आणि म्हणते, अक्का, तू तुझंच गाणं म्हण. बाळाला तुझा आवाज ओळखीचा असतो.

दुसरं उदाहरण आमच्या मुलांच्या जास्त जवळचं आहे. चार-पाच वर्षांच्या मुलापुढे एक गोड पदार्थ ठेवायचा आणि सांगायचं, थांबलास तर दोन मिळतील. जी मुलं थांबली ती पुढे आयुष्यात जास्त यशस्वी झाली, असं सांगणारी पुस्तकं ढिगाने आहेत. मूळ प्रयोगातली मुलं स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातल्या बालवाडीतली होती. 2018 मध्ये नऊशेहून जास्त मुलांची, वेगवेगळ्या परिस्थितीतल्या घरांची माहिती घेऊन हे पुन्हा तपासलं. घरची परिस्थिती हिशोबात धरली, तेव्हा तो संबंध अगदी फिका पडला. ज्या घरात आज ठेवलेला लाडू उद्या उरेलच याची खात्री नाही, त्या घरातलं मूल लगेच खातं, यात त्याच्या स्वभावाचा दोष काय? पुस्तकाने आपल्या मुलाला कमकुवत म्हटलं, तर आधी त्या पुस्तकातली मुलं कुठली होती ते बघायचं.

डोळ्यांना पट्टी बांधून वाचायला शिकवू, मेंदूचा अमुक भाग जागा करू, असं म्हणणाऱ्या पुस्तिका आणि क्लास यांच्यावर एक रुपयाही घालवू नका.

गोष्टीतून सुरुवात

नव्या वाचकाला मी कधीच सल्ल्याचं पुस्तक देत नाही. गोष्ट देते. माझी पहिली निवड तेत्सुको कुरोयानागी यांचं 'तोत्तोचान'. मूळ जपानी पुस्तक 1981 चं. मराठीतलं नॅशनल बुक ट्रस्टचं पुस्तक स्वस्तही आहे. तोत्तोचान पहिलीतच शाळेतून काढली जाते, कारण ती बाकाचं झाकण सारखं उघडते, मिटते आणि खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या वाजंत्रीवाल्यांना हाका मारते. नव्या शाळेचे मुख्याध्यापक कोबायाशी तिला म्हणतात, तुला काय सांगायचंय ते सगळं सांग. आणि चार तास ऐकत बसतात. वर्ग आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरतात.

या पुस्तकातल्या एका प्रसंगावर आमच्या आया नेहमी अडकतात. तोत्तोचानचं पैशाचं पाकीट संडासात पडतं. ती एक लांब दांड्याचं भांडं घेऊन टाकीतला मैला उपसायला लागते, बाजूला ढीग होतो. मुख्याध्यापक तिथून जातात, काय करतेस विचारतात आणि एवढंच म्हणतात की काम झाल्यावर हे सगळं परत आत टाकशील ना. रागावत नाहीत, मदतही करत नाहीत. पाकीट सापडत नाही, पण ती सगळं परत भरून टाकते. इथे पुस्तक मिटा आणि घरात विचारा: आपण असतो तर काय केलं असतं? 'पाठीत धपाटा' हे उत्तर येतंच, येऊ द्या. मग विचारा, धपाटा बसला असता तर ढीग परत कुणी भरला असता? सल्ल्याच्या दहा पानांत जे होत नाही, ते या दीड पानात होतं.

दुसरं, गिजुभाई बधेका यांचं 'दिवास्वप्न'. गिजुभाई आधी वकील होते. स्वतःचा मुलगा झाल्यावर शिक्षणाचा विचार करू लागले आणि 1920 मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केलं. या पुस्तकातला लक्ष्मीराम मास्तर चौथीचा वर्ग मागून घेतो. पहिल्या दिवशी मोठ्या उत्साहाने शांततेचा खेळ घेतो आणि वर्गात नुसता गोंधळ माजतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला बसतो. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या पालकांनी हे जरूर वाचावं, विशेषतः शिकवणी लावायच्या आधी.

पण माझ्या मनाच्या सगळ्यात जवळ आहेत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. ताराबाई भावनगरला गिजुभाईंबरोबर होत्या. 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळा पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. मुलांना आधी न्हाऊ घातलं, खाऊ दिला, मग पाटी. अनुताईंचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' वाचताना मला आमच्या गल्ल्या दिसतात. मूल कामाच्या घरात वाढतं, तिथेच शिकतं, आणि तिथल्या खडे, बिया, चिंध्यांतूनच त्याचं साहित्य बनतं, हे त्यांनी करून दाखवलं. आमच्या बालवाडीत सुताच्या रिकाम्या कांड्या आणि चादरींच्या कापडाच्या रंगीत पट्ट्या आहेत. लहानमोठं, जाडबारीक, गडद-फिकट हे सगळं मुलं त्यांवरच शिकतात.

रोजच्या प्रश्नांसाठी, हट्ट, भांडण, खोटं बोलणं, अभ्यास यांसाठी, शोभा भागवत यांची 'आपली मुलं' आणि 'मूल नावाचं सुंदर कोडं' ही पुस्तकं. पुण्याच्या गरवारे बालभवनात त्यांनी अनेक वर्षं मुलांबरोबर काम केलं आणि ते प्रत्येक पानात जाणवतं. चिठ्ठीवरचा प्रश्न घेऊन अनुक्रमणिका बघा आणि तेवढंच प्रकरण वाचा. 1987 पासून पुण्यातून निघत आलेल्या 'पालकनीती' मासिकाचे जुने अंक मिळाले तर सोडू नका.

'श्यामची आई' प्रत्येक जण सुचवतो. साने गुरुजींनी ते 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. मी ते मुलांसोबत वाचते, पण पालकांना सांगते की ही एका मुलाची आईबद्दलची आठवण आहे, ती तशी वाचा. पोहायला जात नाही म्हणून आई श्यामला शिंपटीने मारते, तो प्रसंग मारण्याचं समर्थन म्हणून मला कितीदा तरी ऐकवला गेलाय. त्याच पुस्तकातली, त्याच्या वळांना तेल लावताना रडणारी आईही मग लक्षात ठेवा.

शास्त्र वाचायचं ते करून बघत

बालमानसशास्त्राचं कोणतंही मराठी पुस्तक उघडा, स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे भेटतीलच. बऱ्याच जणी तिथेच पुस्तक ठेवून देतात, कारण शब्द जड असतात. त्यावर उपाय आहे. दोन सारखे पेले घ्या, सारखं पाणी भरा. चार वर्षांच्या मुलाला विचारा, दोन्हीत सारखं आहे का? हो म्हणेल. आता त्याच्यासमोर एका पेल्यातलं पाणी उंच, बारीक बाटलीत ओता. जास्त कशात? बहुतेक मुलं बाटली दाखवतील. सात-आठ वर्षांच्या दादाला विचारा, तो म्हणेल, ओतलं म्हणून वाढतं काय? हे बघून मग ते प्रकरण वाचा, सरळ उलगडत जातं. आणि धाकट्याला 'माझ्या बशीत कमी दिलंस' म्हणून रडताना का मारू नये, तेही समजतं. त्याला खरंच कमी दिसतं.

पियाजे यांचीही काही अनुमानं पुढे बदलली. कापडाखाली लपवलेली वस्तू तिथेच आहे हे बाळाला सुमारे आठव्या महिन्यापासून कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं. 1980 च्या दशकातल्या प्रयोगांनी ही जाण त्याहून लवकर असते, असं दाखवलं. ज्या पुस्तकात अशी दुरुस्ती सांगितली आहे, ते जास्त भरवशाचं.

एका विषयावर मात्र मराठी पुस्तकांत मला फारच थोडं सापडतं आणि सोलापूरला त्याची सगळ्यात जास्त गरज आहे. आमच्याकडचं मूल अव्वाशी, म्हणजे आजीशी, तेलुगू बोलतं, शेजारी कन्नड किंवा उर्दू ऐकतं, बालवाडीत मराठी. मग कुणीतरी आईला सांगतं, घरात फक्त मराठी बोला, नाहीतर पोर बोलायला उशीर करेल. हे ऐकू नका. दोन भाषांमुळे मूल बोलायला मागे पडतं, असं संशोधनात आढळलेलं नाही. त्याचे शब्द मोजायचे तर सगळ्या भाषांचे मिळून मोजायचे. अव्वाकडे 'नीळ्ळू' आणि माझ्याकडे 'पाणी' मागणाऱ्या मुलाकडे दोन शब्द आहेत. एकाच वाक्यात दोन भाषा मिसळल्या तर तो गोंधळ नाही, दोन भाषांत वाढणारी मुलं तसं करतातच. आईने तिला ज्या भाषेत गाता येतं, रागावता येतं, लाड करता येतात, त्या भाषेत बोलावं.

घरात वाचन बसवायचं कसं

आमच्याकडे एक जण मोठ्याने वाचते आणि बाकीच्या विड्या वळत ऐकतात. हात गुंतलेले असले तरी कान मोकळे असतात. एका बैठकीला दोन-तीन पानं पुरे. मुलांना तंबाखूच्या सुपापासून लांब, दुसऱ्या खोलीत किंवा ओसरीवर बसवायचं, हा पहिला नियम. दुसरा नियम असा की वाचून झाल्यावर कुणी कुणाला सल्ला द्यायचा नाही. प्रत्येकीने फक्त आपल्या मुलाने या आठवड्यात काय केलं ते सांगायचं. एप्रिल-मेच्या दुपारी सोलापुरात बाहेर पाऊल टाकवत नाही, तेव्हा या बैठका लांबतात.

सोबत एक साधी वही ठेवा. त्यात 'हट्टी', 'लाजरा', 'चिडका' असे शब्द लिहायचे नाहीत. काय केलं आणि त्याच्या आधी काय झालं, एवढंच. 'दुकानातून निघताना जमिनीवर बसला. दुपारी झोपला नव्हता, जेवण उशिरा झालं.' अशा आठ-दहा नोंदी झाल्या की उत्तर बहुतेक वेळा वहीतच दिसायला लागतं.

सासूबाईंना पुस्तक दाखवून हरवायला जाऊ नका. तेल लावताना बाळाशी बोलणं, मांडीवर गाणं, बोटं मोजत खेळणं, हे त्या पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत, आणि कार्डावरही बाळाशी बोला, खेळा असंच लिहिलंय. ते त्यांना आधी वाचून दाखवा. मग मधाचं सांगा. वडिलांना वाचायला पुस्तक देण्यापेक्षा मुलाला वाचून दाखवायला द्या. माधुरी पुरंदरे यांची चित्रांची पुस्तकं, 'राधाचं घर' सारखी, पाळीवरून दमून आलेला बापही आनंदाने वाचतो, आणि वाचताना मूल कुठे हसतं, काय विचारतं ते त्याला दिसतं.

पुस्तकं विकतच घ्यायला हवीत असं नाही. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या वाचनालयात जा आणि ग्रंथपालांना विषय सांगा. जिथे दशांश वर्गीकरण आहे, तिथे 155.4 वर बालमानसशास्त्र, 649 वर बालसंगोपन आणि 372 वर प्राथमिक शिक्षण सापडतं. मोबाईलवर अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर शिक्षणावरची कितीतरी मराठी, हिंदी पुस्तकं मोफत आहेत, आणि 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मुलांच्या गोष्टी मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा आपल्या चारही भाषांत मिळतात. एकच गोष्ट अव्वाने तेलुगूत आणि आईने मराठीत वाचून बघा. इंग्रजी जमत असेल तर फेबर आणि मॅझलिश यांचं 1980 चं 'हाऊ टू टॉक सो किड्स विल लिसन' घ्या. मुलाच्या भावनेला आधी शब्द द्यायचे आणि मग सांगायचं ते सांगायचं, याचा त्यात भरपूर सराव आहे.

पुस्तक बाजूला ठेवण्याची वेळ

वर्षाचं झालं तरी बाळ 'बा-बा', 'दा-दा' असे बडबडीचे आवाज काढत नाही, बोट दाखवत नाही, हात हलवून टाटा करत नाही. सोळा महिन्यांपर्यंत कोणत्याच भाषेत एकही शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नाही. नावाने हाक मारली तरी वळून बघत नाही. किंवा येत असलेलं बोलणं कोणत्याही वयात थांबलं, तर आणखी एक पुस्तक शोधत बसू नका. 'आमच्याकडे सगळेच उशिरा बोलले' हेही ऐकत बसू नका. बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि आधी कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची सोय असते. पथक कधी येणार ते अंगणवाडीताईंना विचारून ठेवा, पण शंका असेल तर त्याची वाट बघू नका. जाताना कार्ड आणि नोंदींची वही न्या, आणि दिवसभर मुलासोबत जी असते, ती आजी असो की मावशी, तिलाही सोबत न्या. डॉक्टरांच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तिच्याकडेच असतात.